माझ्या सत्काराचं भाषण

…आणि वर मला म्हणतात, 'मॅडम, तुमचा परिचय तुम्हीच लिहून पाठवा, फक्त जरा घरगुती ठेवा!' घरगुती? मी काय खोकल्यावरचा उपाय आहे? अहो, सव्वीस वर्षं स्टेजवर उभी राहून हसवतेय मी लोकांना, आणि हे सत्कार समितीचे अध्यक्ष, पेशाने दातांचे डॉक्टर, म्हणजे ज्यांच्यासमोर माणूस तोंड उघडतो ते फक्त कळवळायला, ते मला फोनवर विचारतात, 'मुलं किती? स्वयंपाकाची आवड? आणि हो… ते विनोद लिहून कोण देतं हो तुम्हाला?'

घ्या! आलंच! तुम्हाला सांगते, हा प्रश्न मला टॅक्सीवाल्याने विचारलाय, बँकेतल्या बाईने विचारलाय, आमच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबता दाबता विचारलाय, 'इथे दुखतं? इथे? बरं, लिहून कोण देतं तुम्हाला?' आणि उत्तर यांच्याकडे तयारच असतं हं, माझ्या नवऱ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात, 'कळलं, कळलं!' माझा नवरा! अहो, सोसायटीच्या नोटिशीवर सही करायची तरी हा माणूस विचारतो, 'कुठे करू?' एकवीस वर्षांच्या संसारात एक वाक्य सलग पुरं केलेलं नाही त्याने, 'अगं, ते…' म्हणतो आणि आतल्या खोलीत निघून जातो. तो लिहून देतो म्हणे!

मी पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल माझं डोकं का फिरलंय. मी होते विमा कचेरीत टायपिस्ट. आमचे साहेब असे, की विधवा बाई क्लेम घेऊन आली तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, 'पॉलिसी यजमानांची आहे ना? मग ते स्वतः का नाही आले?' मी फक्त जेवणाच्या सुट्टीत साहेब करून दाखवायचे, बाकी माझं कर्तृत्व शून्य. पुढे कचेरीच्या वार्षिक संमेलनात तेच स्टेजवर केलं, आणि प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते… विनोदमूर्ती! हे त्यांचं नाव नाही बरं का, ही पोस्टरवरची पदवी. ती त्यांना कुणी दिली, विचारू नका, पोस्टर त्यांनीच छापलं होतं. म्हणाले, 'माझ्याकडे ये, लिही.' मी नोकरी सोडली. आई म्हणाली, 'गाणं शिकली असतीस तर निदान बसून तरी करता आलं असतं!'

तर मी लिहायला लागले. हा माणूस, तुम्हाला सांगते, एक अक्षर आधी वाचायचा नाही! का? तर 'ताजेपणा जातो!' पडदा वर गेला की स्टँडवरचा कागद बघायचा आणि सरळ वाचत सुटायचा, म्हणून मी कंसात लिहून द्यायचे, 'इथे थांबणे', 'इथे चष्मा काढणे', आणि हे गृहस्थ आज्ञाधारकपणे काढायचे चष्मा! वर लोक म्हणायचे, 'काय हो यांचं टायमिंग!' टायमिंग कसलं डोंबलाचं? कंस माझे!

आणि मी स्टेजवर कशी आले, माहितेय? यांना घाम फार. मध्यंतराआधी शर्ट बदलायला दहा मिनिटं लागायची, तेवढ्यात लोक उठून जाऊ नयेत म्हणून मला पुढे ढकलली, 'जा, काहीतरी बोल!' मी बोलले. लोक हसले. हसले म्हणजे काय, पुढच्या खेळाला विचारायला लागले, 'ते शर्टाच्या वेळचं आहे ना आज?' त्या दिवसापासून विनोदमूर्ती तीन मिनिटांत शर्ट बदलायला लागले! बटणं उघडी, पण माणूस हजर!

आणि पोस्टरवर? 'लेखन, दिग्दर्शन, अभिनय' सगळीकडे तेच, आणि मी कुठे, तर खाली 'सहकार्य' मध्ये, पडदे शिवणाऱ्या शिंप्याच्याही नंतर! एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, 'अगं वेडे, तुझं नाव टाकलं तर लोकांना वाटेल मला सुचत नाही.' मी म्हटलं, 'सर, सुचत नाहीच ना तुम्हाला!' तर हसले, आणि पुढच्याच प्रयोगात हे वाक्य बायकोच्या तोंडी घालून वापरलं.

शेवटी वेगळी झाले. माझा स्वतःचा दोन तासांचा कार्यक्रम, माझी तीन पुस्तकं, हाऊसफुल्लचे बोर्ड… आणि बाहेर पडताना लोक काय म्हणतात? 'अगदी विनोदमूर्तींची छाप आहे हो! तेच लिहून देतात का?' माझीच छाप माझ्यावर! रडू येतं हो, खरंच. मला ढाल नको, पुष्पगुच्छ नको, मला फक्त एवढंच हवं होतं, की त्या माणसाने एकदा, आयुष्यात एकदा, माईकवर म्हणावं, 'ते सगळं हिने लिहिलं.'

तर आता हा जीवनगौरव. तो द्यायला कोण? विनोदमूर्तीच! आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी यांचा फोन, 'अगं, आज तुझ्यावर बोलायचंय मला… दोन पानं लिहून दे ना!'

माझ्या सत्काराचं भाषण! मी लिहायचं! आधी तोंडाला येईल ते बोलणार होते. मग म्हटलं, थांब बाई, हा माणूस आधी वाचत नाही! बसले आणि लिहिलं. पहिलं पान गुळगुळीत, आणि दुसऱ्यावर, मोठ्या अक्षरात, 'मी आजवर स्टेजवर जे बोललो त्यातला एकही शब्द माझा नव्हता. सगळं हिने लिहिलं. हे भाषणसुद्धा. मी हे गमतीने म्हणत नाही.' आणि कंसात, 'इथे चष्मा काढणे.'

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलेलं, पहिल्या रांगेत आई, शेजारी नवरा. विनोदमूर्ती वाचायला लागले. पान उलटलं. '…एकही शब्द माझा नव्हता.' आणि सभागृह फुटलं! हसून! अहो, माणसं खुर्च्यांवरून घसरली! याचा चेहरा पडला, लोक आणखी हसले. याने घाबरून माझ्याकडे बघितलं, त्यावर टाळ्या! '…मी हे गमतीने म्हणत नाही', आणि सवयीने चष्मा काढला… अख्खं सभागृह उभं! आणि मग त्या लबाडाच्या लक्षात आलं हो, की हे चालतंय! हात पसरून म्हणतो, 'मग! सगळं हिनेच लिहिलंय!'

मी धावत जाऊन माईक ओढला, म्हटलं, 'अहो, खरंय ते! देवाशप्पथ खरंय!' झालं, दातांचे डॉक्टर हसता हसता ढाल पायावर पाडून बसले. माझी सख्खी आई डोळे पुसत म्हणते, 'किती मिश्कील गं तुझे सर!' नवरा तेवढा हसला नाही. उभा राहून म्हणाला, 'अहो, ते…' आणि बसला. खाली उतरते तर एक काकू हात धरून म्हणतात, 'तुम्हीही छान बोललात हं, अगदी उत्स्फूर्त वाटलं! लिहून कोण देतं हो तुम्हाला?'

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला फोन. विनोदमूर्ती! म्हटलं, आता चिडणार, निदान लाजेल तरी. तर आवाज असा खुललेला, 'अगं, काय चाललं ते! आठ ठिकाणची बोलावणी आलीत! तेच जरा वाढवून वीस मिनिटांचं करून दे ना… आणि शेवटी मला रडता येईल असं काहीतरी घाल.'

काय काय ऐकवायचं होतं मला त्याला! सव्वीस वर्षांचं साठलेलं सगळं अगदी ओठांवर आलं… आणि तोंडातून निघालं, 'कधीपर्यंत हवंय, सर?'