ईस्टरनंतरचा उपास

मी मूळची महाडकडची, लग्न होऊन गोडदेवला आले ती इथलीच झाले. काय सांगू तुम्हाला, शाळेत पाढे येत नव्हते आणि आज काम काय, तर लोकांच्या ताटातलं मोजायचं. एका संस्थेसाठी मी घरोघरी विचारते, या आठवड्यात डाळ किती दिवस, भाजी किती दिवस, जेवण किती वेळा, कारण कुठे अन्न कमी पडायला लागलंय ते आधी कळलं तर धान्य वेळेवर पोचतं, पोरं वाळायला लागल्यावर कळून काय उपयोग. नवरा हसतो, म्हणतो लोकांच्या घरात नाक खुपसायचा पगार मिळतो हिला. मिळतो तर मिळतो.

तर उत्तनला मार्था मावशी, ख्रिस्ती कोळीण बाई, नवरा बोटीवर. त्या वर्षी मासळीच लागत नव्हती. मी विचारलं मावशी दिवसातून किती वेळा जेवता, तर म्हणाली एकदाच, उपास हाय ना बाय. त्यांचे ईस्टरच्या आधीचे उपास असतात ते मला माहीत, आणि आम्ही सोमवार-चतुर्थीवाल्या, उपास म्हटलं की आपण हात जोडतो, पुढे विचारत नाही. मी फॉर्मवर धार्मिक कारण अशी खूण केली. गल्लीत सगळीकडे तेच उत्तर, सगळ्याच घरांना तीच खूण केली. संस्थेचे साहेब खूश, म्हणाले उत्तनला ठीक आहे, धान्याच्या यादीतून काढूया.

शेवटच्या फेरीला गेले तर मावशीचं परत तेच, उपास हाय. मी लिहिलंसुद्धा, आणि मग हात थांबला, म्हटलं मावशी, ईस्टर होऊन पंधरा दिवस झाले, आता उपास कसला. तेव्हा मावशी हळूच म्हणाली, पावसाळ्यासाठी ठेवलेला सुका जवळापण खाल्ला बाय, मागायची सवय न्हाय आमाला. मला माझीच लाज वाटली हो, रडू आलं. तिथूनच साहेबांना फोन लावला, माझी चूक झाली म्हटलं, खुणा सगळ्या चुकल्यात, परत विचारते. परत विचारलं, घरोघर, आणि पावसाच्या आधी तांदूळ, डाळ, तेल पोचलं. एकाही पोराची तब्येत बिघडली नाही.

आता फॉर्मवर उपासाच्या पुढे, कधी सुटणार, असं विचारतोय आम्ही. आणि परवा मावशीचाच फोन, आमचं बरं हाय बाय, पण पल्याडच्या आळीत चूल येकदाच पेटते, तिथल्या बाया सोताहून सांगायच्या न्हाय, तू ये बघू. उद्या सकाळीच जातेय. तिचा देव आणि माझा देव, दोघंही तिचं भलं करोत.