बारावा विद्यार्थी

...नाही नाही, बारा म्हणजे बारा! अकरा चालतच नाहीत. आमचे प्राचार्य म्हणाले, "मॅडम, जर्मनला बारा प्रवेश, आणि बाराही पास. एक जरी गळला तर विभागाला कुलूप, आणि तुम्ही ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवायला." तुम्हाला सांगते, भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू! एकोणीस वर्षं जर्मन शिकवतेय, मला दुसरं येतंय काय? चिकटवतासुद्धा येत नाही धड...

मग काय, पायाला भिंगरी. कॅन्टीनच्या रांगेत जर्मन, पार्किंगमध्ये जर्मन. आमचे हे म्हणाले, अगं, झोपेतसुद्धा फॉर्म वाटतेस. तरी मिळाले किती? अकरा! शेवटच्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले, तर साहेबांनी एक कोरा फॉर्म ओढला आणि चक्क स्वतःचं नाव लिहिलं. म्हणे, झाले बारा.

सुटले असं वाटलं तुम्हाला? अहो, आगीतून फुफाट्यात! साहेब रोज पहिल्या बाकावर. गृहपाठ नाही, पाठांतर नाही, फोन वाजला की बाहेर. आणि रागवायचं कुणी? भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू!

मग आली तोंडी परीक्षा. मी जर्मनमधून विचारलं, तुमचं नाव काय? एवढंच. साहेब छताकडे बघतायत. घाम त्यांना, घाम मला. शेवटी हळूच म्हणाले, "मॅडम, नापास करू नका. पास होणार म्हणून घरी सगळ्यांना सांगून बसलोय."

 पण ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याला पास करू कशी? बाकीच्या अकरा पोरांनी जीव तोडून घोकलंय, त्यांना काय तोंड दाखवू? लिहून टाकलं, नापास. निकालावर सही पुन्हा त्यांचीच लागते! टेबलावर ठेवला आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी शिपाई नोटीस घेऊन आला. मला बघवेना, म्हटलं, तूच वाच बाबा. त्याने वाचलं, "नापास विद्यार्थ्यांस पुन्हा बसण्याची संधी मिळावी, म्हणून जर्मन विभाग पुढील वर्षी चालू राहील."

वाचला विभाग. साहेब परत पहिल्या बाकावर. आणि परवा, तुम्हाला सांगते, त्यांनी स्वतःचं नाव जर्मनमधून सांगितलं, न अडखळता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या... पण भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू. हा माणूस पास झाला, तर माझं काय होणार?