इरलं घातलेली गाडी

सन एकोणीसशे अठ्ठावन्न, पुनर्वसू नक्षत्र, तरणा पाऊस लागून चौथा दिवस... नीट ध्यानात ठेवा, पुन्हा सांगणार नाही, मला बोलायची सवय नाही... तर चौथा दिवस, आणि चौथ्यांदा गाडी पौडाच्या पुढं बसली! बसली म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, एकदम बसली असती तरी मान होता, माणूसही एकदम मेला की लोक चांगलं बोलतात. पण ही आधी शिंकायची. फट्... फुस्... फट् फट्... फुस्... सहा बैलांच्या औतातले दोन खाली बसावेत आणि उरलेल्या चौघांनी त्यांच्याकडे बघत चालावं, तशी. मग तिसरा बसायचा. मग सगळेच.

आणि पाऊस उघडला की? की फिरवा, गाडी तयार. जसं काही झालंच नव्हतं!

गाडी होती हैबतरावांची. लढाई संपल्यावर पलटणीच्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली ही, पेट्रोलवर चालणारी, तीन मालकांच्या हातून फिरत आदल्या दसऱ्याला मुळशीत आली. आमच्याकडचा तिचा पहिलाच पावसाळा. पहाटे गावोगावचं दूध गोळा करायचं आणि पुण्याला पोचवायचं, एवढंच तिचं काम. ड्रायव्हर मी, कोंडिबा. साऱ्या मावळात लायसन असलेली माणसं बोटावर मोजण्याएवढी, त्यातला मी एक. शाळा दुसरीपर्यंत. पण चाकावर बसलो की पाटलानंही वाट सोडावी... आणि सोडायचे!

चौथ्या दिवशीही दूध नासलं. हैबतराव ओसरीवर बसले होते. ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस बरा असतो हो, ओरडून झालं की पान खातो. हे हळू बोलले. ‘कोंडिबा, सोमवारी भंगारवाला येतोय. रविवारी गाडी भर पावसात पुण्याला जाऊन आली तर ठेवू. न्हाई तर गाडी त्याची, आन् तू मोकळा.’

मोकळा! चाकावरचा माणूस मोकळा झाला की काय करतो? लोकांच्या बांधावर उभा राहतो आणि ‘आमची गाडी होती तेव्हा’ म्हणून सांगत बसतो. मी काय म्हणालो? काही नाही. मला बोलायची सवय नाही.

मग सुरू झाली तपासणी. पहिले वैद्य हैबतरावच. ‘पेट्रोलात पाणी हाय.’ झालं! टाकी उतरवली, सगळं पेट्रोल धोतरातून गाळलं, धोतर हैबतरावांचं, चांगलं, लग्नाकार्याचं. पाण्याचा थेंब निघाला नाही, धोतराला मात्र असा वास लागला की दोन दिवस त्यांच्याजवळ कुणी विडी पेटवेना.

मग पुण्याहून वाल्मीक मिस्त्री आणवला. मोठा नावाजलेला. तो आला त्या दिवशी काय झालं असेल? सांगा की! ऊन पडलं! आठवड्यातलं एकच ऊन, आणि ते त्याच्या डोक्यावर. मी की फिरवली, गाडी अशी चालली की सहाच्या सहा बैल एका पावलानं. वाल्मीक कान लावून बसला, मान हलवली. ‘कोंडिबा, आजार कुठाय?’

‘पावसात होतो.’

‘मग पाऊस आणा आणि मला बोलवा!’ आणि प्लग साफ करून, कोंबडीचं जेवण करून, गेला.

आता माझा क्लीनर बहिरू. वय माझ्याएवढंच, अक्कल अधूनमधून. तो म्हणाला, ‘वस्ताद, पाऊस येत न्हाई तर आपुन पाडू.’ गाडी चालू ठेवली आणि घागर घेऊन उभा राहिला. तुम्हाला सांगतो, कल्पना वाईट नव्हती. मी ती लगेच माझी करून घेतली. ‘वत!’ म्हटलं. टाकीवर घागर, गाडी चालू. रेडिएटरवर घागर, चालू. चाकांवर, टपावर, स्प्रिंगच्या पाट्यांवर, माझ्या पायांवर... चालू, चालू, चालू! मग त्याची घागर वळली इंजनातल्या काळ्या डबीकडे. मी त्याचा हात धरला.

‘तितं न्हाई. तो देव हाय.’

आता ती काळी डबी म्हणजे काय? सहा प्लगांना ठिणगी वाटून देते ती. तिच्या डोक्यातून सात जाड वायरी, सहा प्लगांच्या आणि एक वीज आणणारी, वर येतात आणि फणा काढल्यासारख्या वळतात. सात फण्यांचा नाग! गाडी घेतली त्या दसऱ्याला मी बॉनेट उघडलं, ती डबी पाहिली आणि हात जोडले. औताची पूजा होते, मुसळाची होते, मग जिच्यात वीज खेळते तिची नको? तेव्हापासून रोज पहाटे अंघोळ करून तिला हळद-कुंकू. एक दिवस चुकवला नाही. वर्ष पुरं झालं नव्हतं, पण कुंकवाचा थर असा बसला होता की मूळ डबी काळी हे फक्त मला आणि देवाला ठाऊक.

तेव्हा तिच्यावर घागर? छे! बहिरूनं घागर खाली ठेवली. आम्ही निकाल लावला, पाण्यानं काही होत नाही. दुसरंच काहीतरी आहे. आता हसू नका.

रविवार उजाडला. पाऊस कसला? आभाळच खाली उतरलेलं. पुढचं चाक मला दिसत नव्हतं, पण पूजा मी केली, उलट त्या दिवशी जरा जास्तच केली, दोन बोटं जास्त कुंकू. दूध भरलं, निघालो... आणि पौडाच्या पुढं, त्याच जागी, फट्... फुस्... बसली!

रस्त्याच्या कडेला भाताची लावणी चालू. बायका ओळीनं वाकलेल्या, पाठीवर इरली, बांबूच्या कामट्यांची आणि पळसाच्या पानांची, दुरून पाहिलं तर कासवांची रांग. त्यातलं एक कासव उठून आलं. पारू, डोंगरवाडीची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, जीभ मात्र तरणी.

‘काय रं डायवर, रोज हितंच का उतरतोस? सोयरीक बघतुयास व्हय?’

मी बॉनेट उघडलं. ती येऊन वाकून बघायला लागली. मी म्हटलं, ‘पारूबाई, लांब. देव हाय तितं.’

‘कुटं? ह्यो? आगं बया, ह्यो तर पार गारठलाय! वल लागलीय त्येला. बघ, कुकू कसं गळतंय.’ आणि मग म्हणाली ते ऐका. ‘आमी आमच्या देवाला पावसात झाकतो. तू उघडा ठिवलास. मंग त्यो रुसंल न्हाई तर काय करंल?’

एवढं बोलून तिनं पाठीवरचं इरलं काढलं आणि थेट बॉनेटवर घातलं. बहिरूनं सुंभानं आवळलं. इंजन गरमच होतं, आतल्या आत सुकलं. पाच मिनिटांनी की फिरवली... सहाच्या सहा बैल!

मी म्हटलं, ‘इरलं?’

‘ने. दिस बुडायच्या आत आण. न्हाई तर तुजी गाडी म्या लावणीला धरीन.’ आणि बाई तशीच उघडी पावसात शिरली.

आता मला सांगा, मान ठेवून बसायचं कसं? भूगावात चहाच्या टपरीवर लोक उभे राहून बघायला लागले. ‘अहो ड्रायव्हर, गाडी लावणीला चालली का?’ ‘लुगडं नाही नेसवलं?’ बहिरू पोट धरून हसत होता. मी समोर बघत होतो. मला बोलायची सवय नाही. पण गाडी पुण्यात पोचली, दूध ताजं, वेळेवर, एक थेंब नासला नाही.

तिथून गाडी वाल्मीकच्या दारात उभी केली. म्हटलं, हा घे तुझा पाऊस. त्यानं इरलं उचललं, डबीवर बोट फिरवलं, बोट लाल. नखानं खरवडलं, नखभर थर निघाला.

‘हे काय?’

लाल नख त्यानं माझ्या नाकासमोर धरलं.

‘अहो, कुंकवात खार असतो! कोरडं असलं तर काही नाही, ओल धरली की ठिणगी प्लगाकडे जाते कशाला, ह्या लाल वाटेनं खाली उतरते आणि मरते. एवढं शहाणपणाचं काम केलं कुणी?’

बहिरू आभाळाकडे बघायला लागला. पुण्याच्या आभाळात बघण्यासारखं काय होतं? मी म्हटलं, ‘मला बोलायची सवय नाही.’

वाल्मीकनं पेट्रोलच्या फडक्यानं देव पुसला. वर्षाची भक्ती एका फडक्यात! खालून काळी डबी निघाली, नवी असल्यासारखी. गाडी चालू करून पावसात अर्धा तास उभी केली. शिंक नाही. खोकला नाही. सोमवारी भंगारवाला आला, चहा पिऊन गेला. हैबतरावांनी विचारलं, ‘काय दोष होता रे?’ म्हटलं, ‘ओल.’ खोटं आहे का?

त्याआधी रविवारीच दिवस बुडायच्या आत इरलं परत नेलं. वाऱ्यानं चार पानं उडाली होती, मधोमध इंजनाचा भाजका डाग. पारू गोणपाटाची खोळ घेऊन चिखलात उभी होती, ओठ निळे. मी खिशात हात घातला. ती म्हणाली, ‘पैशे कशाला काढतुयास? म्या काय इरलं इकलं? सावड हाय ही. तुज्यापायी म्या दिसभर भिजली. दिसाला दिस. चिखलात ये.’

सावडीत पैसे चालत नाहीत. कामाला काम, दिवसाला दिवस. हे तिनं मला शिकवायचं? मला ठाऊक होतं, चिखल टळावा म्हणून तर खिशात आधी हात घातला!

पुण्याहून दुपारी परत आलो की गाडी रस्त्याकडेला लावायची आणि उतरायचं. दोन दुपारी मिळून एक दिवस. बायकांच्या ओळीत मी एकटा गडी, धोतर वर खोचलेलं. पारूचं लक्ष माझ्याच रांगेवर. ‘डायवर, रांग सरळ धर! हितं काय घाट लागलाय व्हय, वळणं घ्यायला?’ साऱ्या ओळीत हसू फिरलं. पाटील वरच्या रस्त्यानं आले. थांबले. वाट सोडायला मी रस्त्यावर नव्हतोच.

दुसऱ्या दुपारी शेवटची मूठ लावली. पारूनं कंबर सरळ केली, माझी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, दोन रोपं उपटून पुन्हा लावली आणि म्हणाली, ‘जा. फिटली.’

फिटली.