खाजा मियांच्या दोन दारांच्या मर्सिडीजबाबत

जबाब
पोलीस ठाणे हट्टा, दि. १२/०२/२००३

मी धर्मसिंग खेमा राठोड, वय ५७ वर्षे, धंदा शेती व बैलांचा व्यापार, रा. पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी जिवनबाई हिच्यासह राहतो. आम्हास मूलबाळ नाही.

हट्टा येथील व्यापारी खाजा मिया मागील वर्षी वारले. त्यांनी हैदराबादहून आणलेली पांढरी मर्सिडीज त्यांचा मुलगा अशफाक विकणार असल्याचे समजल्यावरून मी काल दुपारी माझ्या जीपने हट्ट्यास आलो. गाडी जुनी, पण लांब, बसकी आणि दोनच दारांची. आत कातडी गाद्या. दार लोटले तर आपोआप बसल्यासारखे बसते. सदर गाडीभोवती मी तीन फेऱ्या मारल्या, भाव विचारायचे राहूनच गेले. बैलबाजारात मी आधी भाव विचारतो, कोणालाही विचारा.

अशफाक याने विचारले, "कैसी है चाचा?" मी म्हणालो, "पारखल्याबिगर कसं सांगू? नेतो अन् पारखून आणतो." तो म्हणाला, "ले जाओ," आणि चावी दिली. माझी जीप त्याच्या दारात ठेवून मी गाडी पुसेगावला नेली.

आमच्या धंद्यात पारखायला नेलेला बैल रात्री आपल्या गोठ्यात बांधतात. दिवसा हाणला तर कोणताही बैल चालतो; खोड कळते ती सकाळी उठताना. गाडीचेही तसेच. गिऱ्हाईक यायच्या आधी मालक इंजिन तापवून ठेवतो. म्हणून रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी बघायचे ठरवले. हा रिवाज अशफाकला ठाऊक नसेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

शेजारी किसनराव म्हणाला, "दोन दारांतून सोयरेधायरे कसे कोंबशील? डोकं फिरलं का?" जिवनबाई म्हणाली, "आमी दोघंच तर हाव. दारं बराबर हायत." जीपमध्ये ती कायम मागे पेंडीच्या पोत्यावर बसत आली. पुढे कोणी ना कोणी व्यापारी असतोच.

आज सकाळी चावी फिरवताच गाडी एका दमात उठली. धूर नाही, खोकला नाही. हट्ट्याला परत निघताना जिवनबाई पुढे माझ्या शेजारी बसली. औंढ्याजवळच्या चढावरही गाडीचा सूर बदलला नाही. मी विचारले, "भ्या वाटून राहिलं का?" ती म्हणाली, "न्हाई. हळू काहून चालवून राहिले तुमी?" मला लई आनंद झाला, हेही लिहून घ्यावे.

अशफाकच्या दारात पोलीस उभे होते. धर्मसिंगने मोडकी जीप टाकून मर्सिडीज पळवली, अशी त्याची तक्रार होती. त्याची आई चाँदबी ओट्यावर बसलेली होती. रात्रभर तिने डोळ्याला डोळा लावला नाही, असे शेजाऱ्यांनी सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. उठून ओढणीने गाडीची एकच काच पुसली, खाजा मिया बसायचे त्या चालवणाऱ्याच्या बाजूची.

अशफाक आता तक्रार मागे घेतो आणि गाडी मलाच देतो म्हणतो. गाडीत एकही खोड नाही. इतकी गुणाची चीज माझ्या हाताखालून गेली नाही. तरी मी ती घेत नाही. एक रात्र जनावर दावणीला नसले तर ज्या घराला झोप येत नाही, त्या घरचे जनावर सोडून नेऊ नये. धनी किती का विकतो म्हणेना. हे जिवनबाईला सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. मलाही वाईट वाटत आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. चावी माझ्याकडून जमा करून घेतली आहे. ती अशफाकला न देता चाँदबीच्या हातात द्यावी, एवढी विनंती आहे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो कागदावर उतरला असून खरा आहे.

(सही) धर्मसिंग खेमा राठोड