ऐंशी टनांच्या आत

— नाही, हसा, मनमोकळं हसा, पण आधी मला सांगा, तुमच्या या पिशवीत स्क्रूड्रायव्हर किती? बारा? आणि आल्यापासून वापरलात किती? एकच ना, तो पिवळ्या मुठीचा. मग बाकीचे अकरा चार जिने चढून आणलेत कशाला? — लागले तर असावेत म्हणून, ना? मी खेळातल्या यंत्रमानवाच्या सामानाचा तक्ता केला तर म्हातारा चळला, आणि तुम्ही... असू दे. इंटरनेटचं बघा तुम्ही. पाचला सामना आहे. जोडणी आली नाही तर नात दुसरा जोडीदार घेणार आहे, आणि ती माझ्यासारखी नाही — बोलली की करते.

खेळ सोपा आहे, म्हणजे तिच्या मते. यंत्रमानवांची एक जोडी आपली, एक समोरच्यांची. आपल्या यंत्राचे पाय ऐंशी टन पेलतात. त्यातच तोफा, चिलखत, दारूगोळा सगळं बसवायचं. तोफ जड घेतली की चिलखत पातळ, चिलखत जाड केलं की पळणं बंद. मी चौतीस वर्षं पुलांवरचा भार शिकवला हो, मला हे जमायला नको? हा तक्ता बघा, एकोणिसावा. पहिले अठरा चुकले — निदान मला तसं वाटलं. नात म्हणते, आजोबा, तुम्ही लढायला निघालात की बिऱ्हाड हलवायला? आणि सामान निवडायला मिळतात किती? नव्वद सेकंद! संपले की अंगावर असेल तेवढ्यावर मैदानात. गेल्या रविवारी मी दोन्ही तोफा उतरवल्या — सहज हो, वजनं ताडून बघायला — डावीकडे कुठली, उजवीकडे कुठली — आणि वाजली घंटा. चिलखत नखशिखान्त, हात रिकामे! उभा राहिलो तिच्यापुढे भिंतीसारखा. काय बदडलं मला! आणि तिनं माझ्या पाठीआडून दोघांनाही टिपलं. जिंकलो आम्ही.

इतकी हसली, की तिची आई खोलीत आली — माझी मुलगी. हेडफोनमधून स्वच्छ ऐकू आलं. कुणाशी खिदळतेयस? — आजोबांशी, हातात काही न घेताच लढायला आलेत. — यावर ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, नवलच आहे. विचार त्यांना, तो दुसरा तक्ता झाला का पुरा?

कुठला दुसरा? तुम्ही ती तार बघा. ... बरं, तो कपाटावर आहे, त्या गुंडाळीत. बायको गेली तेव्हा मुलगी म्हणाली होती, बाबा, आमच्याकडे राहायला या. मी म्हटलं, विचार करून सांगतो. एका बाजूला जाणं, एका बाजूला राहणं — माझी पुस्तकं, माझे गुडघे, जावयाचा स्वभाव, माझा स्वभाव — माझ्या स्वभावालाच जास्त जागा लागली. तीन वर्षं झाली. दोनदा विचारलं तिनं, मग विचारणं सोडलं. मग फोनही. रागावली असेल, दुसरं काय. पण मी म्हणतो, आधार म्हणून जावं आणि त्यांना ओझं व्हावं, तर? पुलाचं गणित मांडता येतं हो, याचं कसं —

हिरवा दिवा लागला? अरे वा! एकाच स्क्रूड्रायव्हरवर! सरका, सरका, हेडफोन द्या इकडे. हॅलो, मी आलोय गं, या खेपेला तोफ — कोण? ... तू? ... तुझी लेक कुठंय? ... शेजारीच? मग तू कशी ... तू खेळणार? माझ्याबरोबर? ... नाही, अजून काहीच बसवलं नाही. ... अगं, तू सांग ना, काय काय आणू? ... नाही, खेळात नाही. तिकडे. घरी. ... हो, खरंच विचारतोय. ... एवढंच? पुस्तकं? ... बरं. बरं. तू म्हणशील तेवढीच.

अहो, तुम्ही अजून इथेच? निघा आता, नव्वद सेकंद सुरू झालेत. दार ओढून घ्या. — आणि हे बघा, ही जोडणी कायमची काढायची झाली, तर किती दिवस आधी कळवायचं तुम्हाला? ... नको, आत्ता नको. जा तुम्ही.