एक किलो कमी

मी किती लवकर घाबरते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात ते पहिलंच बाळंतपण. सहावा महिना लागला तेव्हा नेवाशाच्या दवाखान्यात नर्सबाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "मागच्या महिन्यापेक्षा एक किलो कमी भरलंय."

बाळ वाढायचं थांबलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मी तिथंच रडायला लागले. नर्सबाईंनी मला निजवून पोट चाचपलं, नळी लावून ठोके ऐकले. "बाळ तर छान वाढतंय. मग वजन गेलं कुठं?"

दाराशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मागल्या येळेला तिच्या पिशवीत बत्ता हुता की."

"कसला बत्ता?"

"खलबत्त्यातला. पोटुशी बाई बाहेर पडली की जवळ लोखंड नको का? अडकित्ता ह्यांना सुपारीला लागतो, म्हनून बत्ता दिल्ता. आज ही कालेजवाली तशीच निगाली."

मागच्या खेपेला मी घाबरून ती पिशवी छातीशी धरूनच काट्यावर चढले होते. बत्ता चांगला दोन किलोचा, म्हणजे मी उलट किलोभर वाढलेच होते.

नर्सबाईंनी हसत गोळ्यांची पुडी दिली. "रोज एक घ्या. लोहाच्या आहेत."

"लोह म्हंजे लोखंडच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, तेच."

सासूबाईंनी पुडी माझ्या पदराच्या टोकाला घट्ट बांधली. "मग आता हीच घिऊन फिरत जा. बत्ता लई जड हुतो."