मोटर उलटी फिरली आन् हे बोलले

...न्हाई, म्हंजे एकानं तरी इश्वास ठेवावा का न्हाई? एकानंबी न्हाई. ती साळूबाई, रोज सकाळी माझ्याच चुलीवरचा च्या पिणारी, सख्खी शेजारीण, ती मला म्हणती, "राहीबाई, आगं त्यो आवाज कॉम्प्युटरनं घातल्याला आसतोय. आता मेलेल्या माणसालाबी गायला लावत्यात, तुझ्या नवऱ्याला बोलायला लावायचं म्हंजे काय लय अवघड हाय व्हय?" ऐकलं? मेलेला माणूस आन् माझा नवरा, एकाच वळीत. आन् मी तिथं हुते, तुमाला सांगते, घोट्यापातूर पाय चिखलात, हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता, उजेड तोंडावर पडावा म्हणून धरायला लावत्यात त्यो. माझ्या ह्या कानांनी ऐकलंय. आमचे मालक बोलले. इश्वास ठेवायचा तर ठेवा, न्हाईतर सोडा, मी तिथं हुते.

आता तुमी म्हणाल, नवरा बोलला ह्यात गावभर सांगण्यासारखं काय हाय? तर तुमाला आमचे मालक ठाव न्हाईत. नाव नाथाजी. घराण्यात निम्मी माणसं मिलिट्रीत, चुलता मिलिट्रीत, थोरला भाऊ मिलिट्रीत, आन् ह्यांच्या अंगावर कोंबडं धावून आलं तर हे बाजूला सरून कोंबड्याला वाट देणार. एकदा न्हाव्यानं बोलता बोलता निम्मी मिशी उडवली, तर हे म्हणले "असू द्या," आन् ऱ्हायलेली निम्मीबी त्याच्याच हातनं काढून घेतली, त्याला वाईट वाटायला नको म्हणून. एष्टीत कराडच्या स्टँडवर एका माणसानं आपली ट्रंक ह्यांच्या पायावर ठेवली, ती ह्यांनी साताऱ्यापातूर तशीच ठेवून घेतली. पाय काळानिळा. मी म्हटलं, आवं तोंड हाय का न्हाई? तर म्हणले, "असू दे, त्येला तरी जागा कुठं हुती."

लग्नात तर... आता सांगूनच टाकते. बायका आडव्या बसल्या, नाव घेतल्याबिगर सोडत न्हाई म्हणल्या. मी घेतलं, ठसक्यात घेतलं. ह्यांची वेळ आली तर घाम. टोपी काढून घाम पुसला, परत घातली, परत काढली. मांडव वाट बघतोय, जेवणाची पंगत वाट बघत्या, शेवटी ह्यांच्या आत्यानंच ह्यांच्या वतीनं माझं नाव घेऊन टाकलं आन् आमाला सोडवलं. तवापासनं मी ह्या घरात "आगं ए" हाय. पोरगी झाल्यावर "पोरीची आई" झाले. बढती मिळाली म्हणायची.

बरं, असला गरीब माणूस घरात बरा आसतोय, मी काय तक्रार करत न्हाई, माझी तक्रार विहिरीची हाय. विहीर चौघांत. आमी, आमचे चुलत दीर आप्पासो, साळूबाईचा नवरा आकाराम, आन् सगळ्यांत वडील नानासो. ज्याची त्याची पाण्याची पाळी ठरलेली, दर पाडव्याला गुढी उभारली की चौघं विहिरीवर बसत्यात, तिथं जे ठरंल ते वर्षभर. आता आमची पाळी आसली की काय व्हायचं, तर आमचं टोकाचं रान भिजायच्या आधी हे आप्पासो डुलत डुलत यायचे, पाइपलाइनीचा व्हॉल आपल्या बाजूला फिरवायचे, आन् वर ह्यांनाच म्हणायचे, "नाथा, तुझं झालंच हाय की रं." झालं कुठलं? टोकाचा ऊस बघितला तर हळद लावल्यावानी पिवळा. आन् मालक काय म्हणणार? "असू द्या."

तुमी म्हणाल, राहीबाई, तू एवढी तोंडाची, तू का न्हाई भांडलीस? भांडले. पाडव्याला पदर खोचून विहिरीवर गेले. तर नानासो म्हणले, "बाई, तुजं खरं आसंल, पण ज्याच्या नावावर हिस्सा त्येनं बोलायचं, ही वाडवडलांपासनं रीत हाय. नाथा, बोल रं, काय तक्रार?" आन् नाथा बघतोय पायाच्या अंगठ्याकडं. "आपली काय तक्रार आसणार?" मला त्या विहिरीत उडी टाकावीशी वाटली, पण पाणी आप्पासोचं हुतं.

आता पिच्चरचं सांगते. आमची पोरगी संयोगिता, कराडला इंजिनेरिंगला. तिनं आन् तिच्या मैत्रिणींनी मोबाइलवर बघायचा पिच्चर काढला, तीन भागांचा. नाव "मोटर उलटी फिरली". आता आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठाव आसतंय, वायरमननं तारा उलट्यापालट्या जोडल्या की मोटर उलटी फिरती आन् पाणी येत न्हाई. हिच्या पिच्चरमधी पाणी येत न्हाई, पण मोटरीच्या खोलीतलं माणूस मागं जातंय. म्हंजे मागल्या काळात. हिरवं बटण दाबलं की भुर्रकन, पोरगी आपल्या जन्माच्या आधी. कशाला जाती? तर तिचा बाप भित्रा हाय, त्याला तरणा आसतानाच धीट करून यायचं म्हणून.

आन् त्यो भित्रा बाप कोण करणार? सांगा की. एवढ्या कराड तालुक्यात हिला एकच माणूस गावला.

मी म्हटलं, "संयोगिता, बापाची आब्रू चव्हाट्यावर मांडतीस व्हय गं?" तर म्हणती, "आई, आण्णांना काहीच करायचं नाही, नुसतं आण्णांसारखं राहायचंय." आन् आण्णा काय म्हणले? असू दे म्हणले. आन् दुष्ट चुलता करायला आप्पासो आपणहून आले, मिशीला पीळ देत. त्यांनाबी काय करायचं नव्हतं.

पहिल्या भागात ह्यांना तरणं दाखवायला केस काळं केलं, टोपी काढली, तरी तोंड त्येच भेदरलेलं. पोरगी समजावून समजावून थकली आन् परत आली. दुसऱ्या भागात ती आणखी मागं गेली, कायतरी उलटंपालटं करून आली, तर हिकडं बाप आधीपेक्षाबी भित्रा झालेला, आप्पासो ओट्यावर पाय सोडून बसलेत आन् बाप त्यांना च्या करून देतोय. बघणारी पोरं पोट धरून हसली म्हणं. मला काय हसू आलं न्हाई. आमच्या घरात मागल्याच आठवड्यात तसंच झालं हुतं. आन् त्या पोरांनी काय करावं, तर ह्यांचं "असू द्या" मोबाइलवर एकमेकांना धाडायला लागली. परीक्षेत नापास झालं, असू द्या. पोरीनं नकार दिला, असू द्या. माझा नवरा सगळ्या कॉलेजात फिरतोय आन् मला तोंड लपवायला पदर पुरंना.

मग आला तिसरा भाग. शेवटचा. ह्यात बापानं एकदाच बोलायचं हुतं. आप्पासो व्हॉल फिरवणार, आन् बापानं म्हणायचं, "व्हॉल फिरवू नका, पाणी माझं हाय." बास. एवढंच. शूटिंग ठेवलं आमच्याच पाळीच्या दिवशी, कारण त्या दिवशी मोटर चालवायला दिवसाची लाइट हुती. म्हणून मी थर्माकोल धरून चिखलात.

आन् सुरू झालं. संयोगिता म्हणली "ॲक्शन", आप्पासोंनी व्हॉल फिरवला, मालकांनी तोंड उघडलं आन् म्हणले, "असू द्या." परत. परत "असू द्या." पोरगी म्हणती, "आण्णा, नुसतं पाणी माझं आहे एवढं म्हणा." हे म्हणणार, "व्हय व्हय, ध्यानात आलं," आन् परत "असू द्या." आन् तुमाला सांगते, ह्या गोंधळात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात येत नव्हती, फक्त माझ्या येत हुती. दरवेळी आप्पासो व्हॉल खराखुरा फिरवत हुते. पिच्चर खोटा, पाणी खरं. दुपारपातूर त्यांचा ऊस गळ्यापातूर भिजला आन् आमचा कोरडा ठणठणीत, आन् वर त्यो माणूस मला इचारतोय, "वहिनी, माझं काम कसं झालं?"

शेवटी पोरगी बांधावर बसली. कानावरचं हेडफोन काढून मांडीवर ठेवलं. रडली न्हाई, आमची न्हाई रडत, पण आवाज बारीक झाला. म्हणली, "असू दे, आण्णा. मी शेवट बदलते. ह्या बापाला नाही जमत."

असू दे. पोरीच्या तोंडनं. कवाच न्हाई म्हणली ती तसं. मला काय झालं म्हणून सांगू, हातातला तक्ताच खाली आला. आन् मी मालकांकडं बघितलं तर त्ये पोरीकडं बघत्यात. अंगठ्याकडं न्हाई, पोरीकडं. तवर मुली सामान आवरायला लागल्या, आन् आप्पासो निघाले आपल्या रानाकडं, पाणी कुठवर आलंय बघायला, व्हॉल तसाच ठेवून.

मालकांनी घसा खाकरला. म्हणले, "आप्पासो, व्हॉल फिरवा."

आप्पासो हसले. "अरं नाथा, शूटिंग संपलंय रं."

"शूटिंग संपलं आसंल," मालक म्हणले. "पाणी अजून माझंच हाय."

आवाज चढवला न्हाई, शिवी न्हाई, काय न्हाई, उलट थरथरत हुते, धोतराचा सोगा हलताना मला दिसत हुता. पण जागेवरनं हलले न्हाईत. आन् आप्पासो परत आले, बगा, आन् व्हॉल फिरवला. का फिरवला ते त्यांनाबी कळलं नसंल. आन् ती कॅमेरा धरणारी रेश्मा, कॅमेरा बंद करायचंच इसरली हुती, सगळं त्यात आलं. त्या येंधळ्या पोरीला मी काकवीची बाटली भरून दिली, म्हटलं बाई, जन्मभर अशीच इसरत ऱ्हा.

पिच्चर दाखवला सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या हॉलमधी. हे बोलल्यावर पोरांनी खुर्च्या बडवल्या. मी वळून वळून सांगतीया, ह्ये खोटं न्हाई, शूटिंग संपलं हुतं. तर माझ्या मागनं एक चष्मेवाला म्हणतोय, "मावशी, तेवढ्यासाठीच तर डायलॉग असा लिहिलाय." गावात आले तर आप्पासो पारावर सांगत्यात, "नाथाला मीच शिकवलं, चार दिस तालीम घेतली." आन् साळूबाईचं कॉम्प्युटर तर तुमाला सांगितलंच. इश्वास ठेवायचा तर ठेवा, न्हाईतर सोडा... पण खरं सांगू? सगळी एका सुरात म्हणायला लागली की आपल्यालाबी वाटतंय, आपुनच चुकीचं ऐकलं का काय.

आन् मग पाडवा आला. संयोगिता परीक्षेला, कराडला. विहिरीवर चौघं बसले, आमी बायका कडंला. आप्पासोंनी सरळ मांडलं, औंदापासनं नाथाची दिवसाची पाळी मला द्या, नाथाला रातची चालंल, त्याची काय तक्रार नसती. नानासो म्हणले, "नाथा, काय तक्रार?" मालक बघत्यात अंगठ्याकडं. साळूबाई माझ्या कानात खिदळली, "कॅमेरा बोलव की गं." मी डोळे मिटले. म्हटलं गेली पाळी, गेला टोकाचा ऊस, आन् पोरीला फोनवर काय सांगू?

तर घसा खाकरल्याला आवाज आला, डोळे उघडते तर मालक उभे. "हाय," मालक म्हणले. "तक्रार हाय."

नानासोंच्या हातातली तंबाखू सांडली. म्हणले, "कुणाची रं?"

"आप्पासोंची. माझ्या पाळीत व्हॉल फिरवत्यात. आन् रातची पाळी मला चालायची न्हाई." एवढं बोलले आन् मटकन खाली बसले, पण बोलून बसले. आकाराम म्हणला, "मीबी बघितलंय." आता बघितलं व्हय रं बाबा, इतकी वर्षं डोळ्यात काय गेलं हुतं? आसू दे. पाळी दिवसाचीच ऱ्हायली. मी त्या दिवशी दोन नारळ फोडले, एक देवाला आन् एक मोटरीला. पोरीला फोन केला तर मला बोलायलाच यीना, मला, म्हंजे बगा. टोकाचा ऊस आज जाऊन बघा, हिरवागार हाय, वाऱ्यावर सळसळतोय. लय उपकार झाले त्या पोरीचे, देवाचे, रेश्माच्या येंधळेपणाचे, कुणाकुणाचे म्हणू.

पण आता एक झालंय, तेवढं सांगते आन् उठते. माणूस एकदा बोलायला शिकला की गप कुठं बसायचं ते त्याला कळत न्हाई. परवा संयोगिता घरी आली. मी आमटी केली आन् करता करता भिंतीवरनं साळूबाईला हीच समदी कथा सांगत हुते, त्या नादात मीठ दोनदा पडलं. आधी कसं, खारट आसू दे का करपलेलं, हे पाणी पिऊन गिळायचे आन् वर "झकास" म्हणायचे. पोरीनं घास घेतला, तोंड वाकडं केलं, आन् हसत इचारलं, "आण्णा, ही आमटी कुणी केली हो?" आता घरात दुसरं हाय कोण? साळूबाई दारातच उभी. मालकांनी ताट बाजूला सारलं. घसा खाकरला, विहिरीवर खाकरला हुता तस्साच. ज्या नावासाठी सगळा मांडव उपाशी बसला हुता, जे ह्यांच्या तोंडनं ऐकायला मी एवढा संसार केला, ते त्या माणसानं भर घरात, शेजारणीसमोर, माझ्या डोळ्याला डोळा लावून, मान देऊन घेतलं, म्हणले, "राहीबाई."